सिकॉर्स्की आर-४, बहात्तर पट लहान: एक लिमिटेड रन किट जोडताना

लिमिटेड रन किटचं खोकं उघडल्यावर आधी दिसतं ते त्यात काय नाही ते. धडाच्या दोन अर्ध्या भागांना जुळवणीच्या खुंट्या नाहीत. चाकांचे पाय कुठे चिकटवायचे तिथे खड्डा नाही, नुसती कोरलेली रेघ. सूचनापत्रात भाग क्रमांक ७ ला एक बाण दाखवलाय, तो धडाकडे जातो आणि धडाच्या आत कुठेतरी संपतो. बाकी सुटे भाग अडकवलेल्या मऊसर करड्या प्लास्टिकच्या दोन चौकटी, रेझिनच्या भागांची एक पुडी, फोटो-एचचा, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी भागांचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा, व्हॅक्युफॉर्म काचेच्या दोन प्रती आणि डिकॅलचा, म्हणजे पाण्यात सुटून चिकटणाऱ्या खुणांचा, छोटा कागद. १/७२ मापाचं हे सिकॉर्स्की आर-४ हेलिकॉप्टर आम्ही दोन प्रतींत, शेजारी शेजारी जोडलं. पहिल्या प्रतीत जे बिघडलं ते दुसऱ्या प्रतीत टाळलं. खाली दोन्हींचा हिशेब आहे.

किट असं का असतं ते आधी समजून घेतलेलं बरं, म्हणजे चिडचिड कमी होते. मोठ्या कंपन्यांचे साचे कडक पोलादाचे असतात, त्यात प्लास्टिक भरपूर दाबाने जातं. थोड्याच प्रती काढायच्या तर साचा मऊ धातूचा किंवा इपॉक्सीचा करतात आणि दाब कमी ठेवतात. कमी दाबाने प्लास्टिक सगळीकडे पोचावं म्हणून वाटा रुंद ठेवाव्या लागतात. भाग चौकटीला ३-३ मिमी जाड गेटने जोडलेले असतात ते म्हणूनच. साच्याचे दोन भाग नीट मिटत नाहीत म्हणून कडेने पापुद्रा येतो, ज्याला सगळे फ्लॅश म्हणतात. पातळ कडा भरत नाहीत म्हणून त्या मुळातच जाड ठेवलेल्या असतात. म्हणजे खोक्यात आहे तो कच्चा माल, आणि माप तपासायची जबाबदारी आपली.

माप तपासायचं तर मूळ यंत्र माहीत हवं. आर-४ हे मोठ्या संख्येने बनलेलं पहिलं अमेरिकन हेलिकॉप्टर. नमुन्याचं, म्हणजे एक्सआर-४ चं पहिलं उड्डाण १४ जानेवारी १९४२ रोजी झालं. त्यानंतर ३ वायआर-४ए, २७ वायआर-४बी आणि १०० आर-४बी, अशी नमुना धरून सगळी मिळून १३१ बनली. मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरचा फिरता पंखा, तीन पात्यांचा, व्यास ३८ फूट म्हणजे ११.५८ मीटर. वायआर-४बी ला वॉर्नरचं सात सिलिंडरचं १८० अश्वशक्तीचं इंजिन होतं, आर-४बी ला २०० अश्वशक्तीचं. धड म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. पाती म्हणजे आत पोलादी नळी, तिला लाकडी फासळ्या आणि त्यावरही कापडच. हे कापड लक्षात ठेवायचं, मॉडेल करताना ते पावलोपावली आडवं येतं.

आपल्याकडच्या वाचकाला या यंत्राचं वेगळं कौतुक वाटेल. हेलिकॉप्टरने रणभूमीवरून केलेल्या पहिल्या सुटकेची मोहीम आसामातून निघाली. अमेरिकेच्या पहिल्या एअर कमांडो ग्रुपचा लेफ्टनंट कार्टर हार्मन तिथल्या लालाघाटच्या धावपट्टीवरून वायआर-४बी घेऊन उत्तर ब्रह्मदेशात गेला. २५ आणि २६ एप्रिल १९४४ या दोन दिवसांत त्याने जपानी फौजांच्या मागे अडकलेल्या चौघांना, एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक, बाहेर काढलं. एका खेपेला एकच माणूस, कारण त्या उकाड्यात इंजिनाला त्यापुढे ताकदच उरत नव्हती. मॉडेल करणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं की हे यंत्र उघडंवाघडं आहे. त्याला मशीनगन, चिलखत असलं काही चिकटवायचा मोह नको.

फोटो गोळा करताना एक सावधगिरी. वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हेझी केंद्रात आहे ते एक्सआर-४, म्हणजे पहिला नमुना. डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे ते आर-४बी. लंडनच्या आरएएफ संग्रहालयातलं केके९९५ हे हॉवरफ्लाय, म्हणजे ब्रिटिशांकडचं आर-४. तिन्हींचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले की तिघांचे बारकावे एकाच मॉडेलवर चढतात. आम्ही तीन फोल्डर केले. धडाच्या बारकाव्यांसाठी फक्त आर-४बी चा वापरला आणि खुणांसाठी १९४४ चे कृष्णधवल फोटो.

आता काम. सगळ्यात आधी धुणं. रेझिनवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य असतं. ते राहिलं तर रंग तीन आठवड्यांनी सोलून येतो, तोवर कारण विसरलेलं असतं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश, आणि प्लास्टिकच्या चौकटीही त्याच पाण्यात. भाग सुटे करण्याआधी धुवायचं, नाहीतर मोरीच्या जाळीतून एखादं पेडल कायमचं जातं.

जाड गेट कटरने भागाला लागून तोडायचं नाही. दाबाने पांढरा ओरखडा भागाच्या आत दोन मिमी शिरतो. भागापासून ४ मिमीवर पातळ करवतीने कापायचं, मग उरलेला ठोकळा कानशीने आणि शेवटचा अर्धा मिमी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून. रेझिन तर ओलंच घासायचं आणि मास्क लावून. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

धडाच्या भिंती मोजल्या तर १.८ मिमी भरल्या. बहात्तरने गुणलं की खऱ्या यंत्रात १३ सेंटिमीटर जाडीचं कापड होतं. आख्खं धड पातळ करायची गरज नाही. काचेला लागणारी कड आणि दाराची चौकट, जिथे जाडी नजरेला दिसते, तिथे आतून ०.५ मिमीपर्यंत तासलं. वळलेल्या पात्याचा कटर खरवडायला चांगला. मधूनमधून भाग दिव्यासमोर धरायचा. उजेड लालसर आरपार दिसायला लागला की थांबायचं.

कॉकपिटची जमीन मूळ रुंदीत बसवली तर धडाचे दोन भाग पुढच्या बाजूला १.२ मिमी फाकतात. कारण तेच, भिंती जाड. पहिल्या प्रतीत आम्ही धड चिमट्यांनी दाबून मिटवलं. सांधा धरला, पण आतल्या ताणाने दोन दिवसांनी वरच्या बाजूला उकलला. दुसऱ्या प्रतीत जमिनीच्या दोन्ही कडा प्रत्येकी ०.६ मिमी घासल्या. एकाच बाजूने घासलं तर मधला लिव्हर मध्यरेषेवरून सरकतो आणि एवढ्या मोठ्या काचेतून ते लगेच दिसतं.

त्या लिव्हरबद्दल. आर-४ मध्ये दोन वैमानिक शेजारी बसतात, दोघांसमोर यंत्र हव्या त्या दिशेला कलवणारा स्वतंत्र सायक्लिक दांडा, पण पात्यांचा कोन एकदम बदलणारा कलेक्टिव्ह एकच, दोन आसनांच्या मधोमध. किटमध्ये कलेक्टिव्ह दोन दिलेले होते, एकेका आसनाच्या डावीकडे, नंतरच्या हेलिकॉप्टरांसारखे. ते दोन्ही वगळले आणि ०.४ मिमी पितळी तारेचा एक मधे लावला. मुठीसाठी तारेच्या टोकाला फेविकॉलचा थेंब, वाळला की दुसरा. फोटो-एचची पेडलं दुमडताना दोन दाढीची ब्लेडं वापरायची, एकाने दाबायचं, दुसऱ्याने उचलायचं. पितळ अडून बसलं तर लायटरच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून आपोआप थंड होऊ द्यायचं, मऊ पडतं. आसनपट्टे मात्र पितळी लावू नयेत. ते ताठ राहतात आणि आसनावर पडलेल्या कापडासारखे दिसत नाहीत. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद ०.८ मिमी रुंदीने कापून लावला, तो हवा तसा बसतो.

रेझिनचं इंजिन सुंदर आहे, सातही सिलिंडरांच्या पंखुड्या मोजता येतात, आणि धड मिटलं की त्यातलं काहीही दिसत नाही. पहिल्या प्रतीत ते रंगवून बसवलं. दुसऱ्या प्रतीत खोक्यातच ठेवलं आणि त्या जागेत रोटरच्या मास्टसाठी, म्हणजे तो पेलणाऱ्या उभ्या दांड्यासाठी, पक्की बैठक केली. ही अदलाबदल फायद्याची. मास्ट डगमगला तर सगळंच गेलं.

बैठक अशी: बाहेरून १.६ मिमी, आतून १.२ मिमीची पितळी नळी, १८ मिमी लांब. ती प्लास्टिक शीटच्या दोन आडव्या भिंतींमधून जाते, एक छताला लागून आणि दुसरी १२ मिमी खाली. रोटर १.२ मिमीच्या तारेवर बसतो आणि नळीत नुसता सरकतो, चिकटवायचा नाही. धड मिटण्याआधी नळी सरळ आहे का ते पाहायचं. बाजूने गुण्या चालतो. समोरून आम्ही ओळंबाच लावला. दिव्याच्या दांडीला दोरा, खाली नटाचं वजन, धड मध्यरेषेवर उभं आणि मागे आलेखाचा कागद. तारेचा ८० मिमी लांब तुकडा नळीत उभा केला की अर्ध्या अंशाची चूकही वरच्या टोकाला पाऊण मिमी होऊन दिसते.

प्लास्टिक शीट मिळत नसेल तर दह्याचे किंवा आइस्क्रीमचे डबे तपासायचे. बुडाशी त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन, किटच्याच जातीचं, प्लास्टिक जोडायच्या सिमेंटने विरघळून एकजीव होतं. ५ आकडा असेल तर पॉलिप्रॉपिलीन. त्याला सिमेंट लागतच नाही, कितीही ओता.

खुंट्या नसल्याने धड जोडताना जिभा लावायच्या. अर्ध्या मिमी शीटचे ४ बाय ६ मिमी तुकडे कडेच्या आतून दर २० मिमीवर चिकटवायचे, एक डाव्या भागाला, पुढचा उजव्या भागाला. दोन भाग मग पकडीसारखे एकमेकांत बसतात. मागचं निमुळतं टोक इतकं अरुंद आहे की तिथे जिभा मावत नाहीत. तिथे दोन्ही कडा एका सपाट काचेवर चिकटवलेल्या ६०० च्या कागदावर आठाचा आकडा काढत घासल्या. पाच-सहा फेऱ्यांत कडा सपाट होते. त्यापुढे घासलं तर धड अरुंद व्हायला लागतं.

या किटांचं प्लास्टिक मऊ असतं, पातळ सिमेंट त्याला पटकन खातं. नेहमीच्या सवयीने ब्रश फिरवला आणि पहिल्या प्रतीच्या पाठीवर बोटाचा ठसा कायमचा उमटला. एका वेळी १५ मिमी, ब्रश जवळजवळ कोरडा, हलकं दाबून वीस सेकंद. जोडल्यावर तीन दिवस घासायचं नाही. विरघळलेलं प्लास्टिक हळूहळू बसतं. घाई केली तर आज सपाट झालेला सांधा रंगानंतर नाल्यासारखा खोल दिसतो.

भेगा भरायला बाजारातली पुट्टी चालते. आम्ही सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवली, अर्धी-अर्धी. आक्रसत नाही, कड धरते. तासाभरात मात्र घासून टाकावी लागते, रात्रभर राहिली तर प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना पुट्टीऐवजी आजूबाजूचं प्लास्टिक जातं.

सांधा साफ झाला की कापडाचा प्रश्न उभा राहतो. धडावर आतल्या सांगाड्याचे उंचवटे लांबच लांब धावतात, कापड त्यांच्यावर ताणलेलं असतं. किटमध्ये ते उंचवटे दोऱ्यासारखे जाड होते, आणि सांध्यावरचे तर घासण्यात पुसलेच गेले. आम्ही आधी सगळेच उंचवटे ८०० च्या कागदाने निम्मे उतरवले. नंतर पुसलेल्या जागी चौकटीचं प्लास्टिक तापवून ताणलेला धागा लावला. मेणबत्तीपेक्षा उदबत्तीवर हे काम सोपं जातं. निखारा लहान असतो, तुकडा फक्त मधेच मऊ होतो आणि धागा एकसारखा निघतो. ०.२ मिमीच्या आसपासचा निवडायचा, दोन टोकांना सुपरग्लूचा कण लावून ताणून बसवायचा, मग मधे सिमेंटचा ओझरता ब्रश. वाळल्यावर पुन्हा ८०० ने एकच हात. शेवटी सगळ्यावर प्रायमरचे दोन जाडसर थर. कापड दोन उंचवट्यांमध्ये किंचित खाली बसतं तसा आभास या जाड प्रायमरने येतो, एरवी बारकावे बुजवतो म्हणून त्याला आपण नावं ठेवतो.

काच हे या मॉडेलचं तोंड. आर-४ चं नाक जवळजवळ पूर्ण काचेचं, त्यामुळे ती बिघडली तर बाकी मेहनत दिसतच नाही. व्हॅक्युफॉर्म काच म्हणजे साच्यावर ओढलेला पातळ पारदर्शक पत्रा. दोन प्रती दिल्या असतील तर पहिली फुकट जाणारच आहे, असं समजूनच देतात.

कापण्याआधी आतून मळलेली मऊ प्लॅस्टिसीन दाबून भरायची, मगच ती हातात धरता येते. नवं पातं घ्यायचं. कडेच्या रेघेवरून जराही जोर न लावता एक फेरी, मग दुसरी, मग तिसरी. सहाव्या-सातव्या फेरीला काच आपोआप सुटते. जोर लावला की पातं वळणावर घसरतं आणि ओरखडा बरोबर समोरच्या तावदानावर येतो. रेघेच्या बाहेर १ मिमी ठेवून कापायचं आणि तो मिमी धडावर लावून बघत घासायचा. आमच्या दुसऱ्या प्रतीत हे लावून बघणं पंचवीसेक वेळा झालं. वरची कड बसली की खालची उचलते. खालची बसवली की बाजूला फट येते. शेवटी लक्षात आलं की काच नव्हे, धडाची कपाळाकडची कड ०.४ मिमी उंच होती. काच घासत बसण्याआधी धडाची कड तपासायला हवी होती.

चिकटवायला फेविकॉल. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरी साय धरते, आणि आतून धरली तर पुसायलाही जाता येत नाही. फेविकॉलची पकड कमी, म्हणून धडाच्या कडेला आतून ०.५ बाय १ मिमीची पट्टी लावून काचेला टेकायला जागा केली. राहिलेली बारीक फट फेविकॉलनेच भरायची आणि ओल्या कापसाच्या काडीने पुसून घ्यायची.

काचेवरच्या चौकटी हाताने रंगवणं किंवा मास्क करणं दोन्ही शक्य आहे, पण व्हॅक्युफॉर्मवर चौकटींच्या कडा इतक्या मवाळ असतात की मास्क कापताना पात्याला धार सापडत नाही. त्यापेक्षा कोऱ्या पारदर्शक डिकॅल कागदावर आधी आतला रंग, वर बाहेरचा रंग असे दोन फवारे मारायचे आणि ०.७ मिमीच्या पट्ट्या पोलादी पट्टीने कापायच्या. आधी सगळ्या उभ्या पट्ट्या लावायच्या, वाळल्या की आडव्या. आतून पाहिलं तर चौकटीला आतला रंग दिसतो, म्हणून तो खालचा थर.

चाकांचे पाय लवकर आटोपतात. बाजूला पसरलेल्या काड्या किटमध्ये प्लास्टिकच्या आहेत, त्या मॉडेलच्या वजनाने महिन्याभरात वाकतात. ०.८ मिमी पितळी तारेने बदलल्या, धडात ३ मिमी खोल भोक पाडून. डावं-उजवं चाक एकाच उंचीवर येण्यासाठी धड पुस्तकांवर उलटं ठेवून, दोन्ही चाकांवर पट्टी आडवी टाकून पाहायचं. मागे चाक असलेलं यंत्र असल्याने नाकात वजन कोंबायची भानगड नाही.

आता रोटर, जिथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा.

गणित सोपं. ११.५८ मीटर भागिले ७२, म्हणजे १६१ मिमी व्यास. हबच्या, म्हणजे पाती जिथे जोडतात त्या मधल्या गड्ड्याच्या, मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत ८०.४ मिमी हवं. किटचं पातं हबला टेकवून मोजलं तर ७८.५ भरलं, आणि तिघांपैकी एकाचं टोक साच्यात नीट न भरल्याने तेवढं ७७.९. सूचनापत्राप्रमाणे पातं हबच्या सपाट बाजूला नुसतं चिकटवायचं होतं. २ चौरस मिमीच्या जोडावर ७५ मिमी लांबीचं पातं! शर्टाची बाही लागली तरी तुटेल.

दोन्ही अडचणींवर एकच उपाय. पात्याच्या मुळात ०.६ मिमीचं ७ मिमी खोल भोक, हबमध्ये तेवढंच ३ मिमी खोल, आणि मधे ०.६ ची पोलादी तार. गिटारची तार चालते, ती पितळेपेक्षा ताठ असते. तार बाहेर १.९ मिमी उघडी राहू द्यायची, आखूड पात्याला २.५. लांबी पुरी झाली, आणि खऱ्या पात्याचं मूळही असंच बारीक नळीसारखं असल्याने दिसायलाही बरं दिसलं. भोक पाडताना पात्याची जाडी मुळाशी जेमतेम १.४ मिमी. आधी सुईने मध्यबिंदू टोचायचा, मग पिन व्हाइस, म्हणजे हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, दोन बोटांत फिरवायचा आणि प्रत्येक मिमीला पातं नव्वद अंश फिरवून ड्रिल सरळ जातंय का बघायचं. पहिल्या प्रतीत ड्रिल खालच्या बाजूने बाहेर आलं. तार तशीच बसवून जखम टाल्कम-सुपरग्लूने बुजवली, बाजू खालची म्हणून खपून गेली.

पात्याची मागची कड ०.७ मिमी होती, खऱ्यात पाच सेंटिमीटर. ती ०.२५ पर्यंत आणायची, पण फक्त खालून घासून, कारण वरच्या बाजूला फासळ्यांचे उंचवटे आहेत. तेही कपडे धुण्याच्या फळीसारखे जाड होते, दोन हात १००० च्या कागदाने मवाळ केले.

मग बाजू. सूचनापत्रातल्या चित्रात पाती उलटी दाखवली होती. आर-४ चा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. म्हणजे यंत्राच्या उजव्या अंगाला असलेल्या पात्याची जाड, गोल कड नाकाकडे आली पाहिजे. चिकटवण्याआधी एवढं एकच वाक्य मनात म्हणायचं. चूक झाली तर तीनही पात्यांना एकदम होते आणि हेलिकॉप्टर जाणणाऱ्याला खोलीच्या दारातून दिसते.

उभ्या यंत्राची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात. किटची पाती पट्टीसारखी सरळ. झोक आणायला फरशीवर पात्याच्या मुळाखाली ३ मिमीची पट्टी ठेवली, टोक चिकटपट्टीने फरशीला दाबलं आणि वरून उकळतं पाणी हळू ओतलं, मग लगेच थंड. पातं सुटल्यावर थोडं परत येतं, टोकाला २ मिमी झोक उरतो. तो आम्हाला कमी वाटला म्हणून पट्टी साडेचार मिमी केली आणि ३ मिमी झोक मिळाला. तीनही पाती एकाच पट्टीवर, एकाच किटलीच्या पाण्याने करायची. आणि हे काम तार बसवण्याआधी, कारण गरम पाण्याने सुपरग्लू सुटतो.

जोडणीसाठी जाड पुठ्ठ्यावर कंपासने १६१ मिमी व्यासाचं वर्तुळ, आणि मध्यातून १२० अंशांवर तीन रेघा. हब मध्यावर टाचणीने खिळवायचा. प्रत्येक टोकाखाली सारख्याच उंचीचा आधार, आमच्याकडे कॅरमच्या सोंगट्या होत्या. एक पातं चिकटवून अर्धा तास थांबायचं, मग दुसरं. इथे सुपरग्लूपेक्षा दोन नळ्यांचं इपॉक्सी बरं, दहा मिनिटं कोन सुधारायला मिळतात.

रंगाचं थोडक्यात. त्या काळची प्रमाण जोडी वर ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मातकट हिरवा, खाली न्यूट्रल ग्रे, म्हणजे करडा. एवढ्या लहान मापावर बाटलीतला ऑलिव्ह ड्रॅब काळपट दिसतो, दहा टक्के फिकट करायचा. कापडावरचा रंग धातूवरच्यापेक्षा वेगळा विटतो, म्हणून इंजिनाभोवतीचे पत्रे मूळ छटेत ठेवले आणि कापडाच्या भागात आणखी थोडा बफ, म्हणजे फिकट पिवळसर रंग, मिसळला. जुलैत मुंबईसारख्या हवेत, ओलावा ८५ टक्क्यांच्या आसपास असताना, लॅकरचा फवारा मारायचाच नाही. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर दुधी डाग येतात. मारलाच आणि आलेच तर निव्वळ लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा त्या थराला पुन्हा ओला करून डाग बहुतेक घालवतो. कंप्रेसरच्या पाणी-सापळ्यातलं पाणी दर अर्ध्या तासाने सोडायचं.

डिकॅलच्या आधी चकचकीत वॉर्निश, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. या किटांच्या डिकॅल कागदावर सगळ्या खुणांना मिळून एकच पारदर्शक पापुद्रा असतो. पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक खूण कडेला लागून कापावी लागते, हे माहीत नसेल तर आख्खा कागद एकदम तरंगायला लागतो. आमच्या कागदावर अमेरिकन खुणेतल्या ताऱ्याच्या पट्ट्यांना लाल किनार होती. लाल किनार १९४३ च्या उन्हाळ्यातली, ऑगस्टपासून ती निळी झाली, तेव्हा ब्रह्मदेशातल्या १९४४ च्या यंत्राला ती चालत नाही. सुट्या कागदातून दुसरे तारे घेतले. शेपटीकडचा क्रमांक लिहिताना सालाचा पहिला आकडा गाळायची पद्धत होती, ४३ ने सुरू होणारा क्रमांक तिथे ३ ने सुरू होतो. हा कागदावर बरोबर होता.

शेवटी सॅटिन वॉर्निश, हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीसाठी इन्सुलिनच्या सिरिंजची सुई, आणि शेपटीचा छोटा पंखा. त्याच्याही मुळांत ०.३ मिमीच्या तारा घातल्या.

रोटर चिकटवलेला नसल्याने मॉडेल हलवताना तो आधी वर ओढून काढायचा. त्यासाठी अर्धा किलोच्या मिठाईचं खोकं घेतलं, आत स्पंज, मधे १.२ मिमीचं भोक. मास्टची तार त्यात रोवली की पाती कशालाच टेकत नाहीत आणि झोक तसाच राहतो. पहिल्या प्रतीचा रोटर आधी सपाट स्पंजवर ठेवला होता, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत त्याचा झोक निम्म्यावर आला.